घरातील समुद्र : लघु प्रवाळ-पेटीचा इतिहास आणि नजरेआड राहिलेले श्रम (इ. स. १८४६ ते २०२२)

सारांश

घरातल्या छोट्या काचपेटीत समुद्राचे पाणी आणि त्यातील सजीव दीर्घकाळ टिकवून धरण्याच्या प्रयत्नांना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. हा इतिहास बहुधा संशोधकांच्या आणि उपकरणांच्या नामावलीच्या स्वरूपात सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो श्रमाच्या अंगाने तपासला आहे. पाणी जिवंत ठेवण्याचे काम प्रत्येक टप्प्यावर कोणी केले, ते काम केव्हा दिसेनासे झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत. अखेरीस भारतीय कायदा व महाराष्ट्राची किनारपट्टी यांच्या संदर्भात या छंदाच्या मर्यादांची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : प्रवाळ, मत्स्यालय, नत्रचक्र, जिवंत खडक, विज्ञानाचा सामाजिक इतिहास, वन्यजीव संरक्षण.

१. प्रस्तावना

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या घरात, टेबलावर मावेल एवढ्या तीस-चाळीस लिटरच्या काचपेटीत खारे पाणी भरावे, त्यात प्रवाळ वाढावे, शिंपल्यातील जीव व कोळंबी नांदावी, ही गोष्ट आज अशक्य राहिलेली नाही. अशा पेटीला जगभरातील शौकीन 'नॅनो रीफ' या नावाने ओळखतात. मराठीत ॲक्वेरियम या शब्दासाठी 'मत्स्यालय' ही संज्ञा रूढ आहे. तथापि या संज्ञेत मासा मुख्य मानला गेला आहे. प्रवाळाच्या पेटीत एकही मासा नसला तरी चालते. तेथे मुख्य असते ते पाणी, खडक आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. म्हणून प्रस्तुत निबंधात 'प्रवाळ-पेटी' हा शब्द योजला आहे.

हा विषय वरवर पाहता छंदाचा वाटतो. परंतु या पेटीच्या इतिहासात वसाहतकालीन इंग्लंडमधील मध्यमवर्गाचे घरगुती जीवन, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवरील मच्छीमारांची उपजीविका आणि पर्यावरणविषयक कायदे एकत्र येतात. त्यामुळे आंतरविद्याशाखीय अभ्यासासाठी तो उपयुक्त ठरतो.

२. निबंधाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, खाऱ्या पाण्याच्या घरगुती पेटीच्या विकासाचे टप्पे कालानुक्रमे मांडणे. दुसरे, प्रत्येक टप्प्यावर पाणी टिकवण्याचे श्रम कोणाकडे होते याचा शोध घेणे. तिसरे, आजच्या लघु पेटीचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, नियतकालिकांतील लेख आणि कायद्यातील तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

३. पेटीपूर्वीची परिस्थिती

समुद्रातील जीवांचे निरीक्षण काचपात्रात करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते. फ्रेंच निसर्गअभ्यासक जॅन विलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीतील मेसिना येथे काचेच्या टाक्या करवून घेतल्या आणि आर्गोनॉट या अष्टभुज प्राण्याचा अभ्यास केला. आर्गोनॉट आपले कवच दुसऱ्याकडून घेत नाही, स्वतः तयार करतो, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र हे काम समुद्राच्या काठावरचे होते. पाणी खराब झाले तर नवे पाणी पायऱ्या उतरण्याच्या अंतरावर उपलब्ध होते.

समुद्रापासून दूर असलेल्या शहरात तेच पाणी टिकवणे हा खरा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात तो सोडवण्यास अनुकूल अशा काही गोष्टी जुळून आल्या. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यामुळे काच स्वस्त होऊ लागली. रेल्वेचे जाळे पसरत असल्याने किनारा शहराच्या जवळ आला. लंडनमधील वैद्य नॅथॅनियल वॉर्ड यांनी बंद काचपेटीत वनस्पती महिनोन्महिने जगू शकतात हे दाखवून १८४२ मध्ये त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले होते. म्हणजे पेटी होती आणि वाहतूकही होती. पाणी कसे जिवंत राहते याचे ज्ञान मात्र नव्हते.

४. ॲना थिन आणि ओतण्याचे श्रम

हे ज्ञान मिळवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न एका गृहिणीच्या दिवाणखान्यात झाला. ॲना थिन (१८०६-१८६६) या वेस्टमिन्स्टर ॲबेचे उपप्रमुख धर्मगुरू लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना मॅड्रेपोर, म्हणजे कठीण सांगाडा असलेले प्रवाळ, सापडले. ते लंडनला नेण्यासाठी त्यांनी सुईदोऱ्याने ते मोठ्या स्पंजावर टाचले, म्हणजे प्रवासात ते एकमेकांवर आदळणार नाहीत, आणि दगडी बरणीत पाण्यासह नेले. घरी ते काचेच्या भांड्यांत ठेवले.

प्रारंभी समुद्राचे ताजे पाणी आणवून ते बदलले जात असे. पुढे ते पुरेसे मिळेना, तेव्हा आहे तेच पाणी हवेत मिसळून पुन्हा वापरण्याची कल्पना थिन यांना सुचली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी वरून ओतायचे आणि पुन्हा उलट ओतायचे, असा क्रम अर्धा ते पाऊण तास चाले. हे काम थिन यांच्या घरातील एक लहान वयाची मोलकरीण करी. काम थकवणारे आहे याची थिन यांना जाणीव होती. परंतु त्या मुलीला त्याची गंमत वाटते, असे त्यांनी आपल्या लेखात नमूद केले आहे. तो लेख १८५९ मध्ये 'ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोलकरणीचे नाव त्यात नाही.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा तपशील लक्षणीय आहे. मत्स्यालयाच्या प्रारंभिक इतिहासात ॲना थिन यांचे नावच बराच काळ दुर्लक्षित राहिले होते आणि अलीकडच्या अभ्यासांमुळे त्यांना योग्य स्थान मिळाले. परंतु त्यांच्या प्रयोगातील प्राणवायू ज्या हातांनी पाण्यात मिसळला, ते हात अजूनही अनामच आहेत. शहरातील त्या प्रवाळांचे जीवन रोजच्या त्या अर्ध्या-पाऊण तासावर अवलंबून होते.

१८४७ च्या वसंत ऋतूत थिन यांनी पुढचे पाऊल उचलले. समुद्री वनस्पती चिकटलेले खडकाचे तुकडे मागवून त्यांनी ते भांड्यांत ठेवले आणि प्राणी व वनस्पती यांच्यात समतोल साधता येतो का हे पाहिले. प्रवाळ जगले आणि त्यांची संख्याही वाढली. त्यांच्या दृष्टीने उपयोगी वस्तू वनस्पती होती. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात पाहता त्या वनस्पतींखालचा खडकही तितकाच उपयोगी असला पाहिजे. त्या खडकाचे महत्त्व कळण्यासाठी आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

५. वॉरिंग्टन, गॉस आणि किनाऱ्याची हानी

प्राणी व वनस्पती यांच्या समतोलाचा सिद्धांत रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे पद्धतशीरपणे मांडला. गोड्या पाण्याच्या भांड्यात त्यांनी सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पतींची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. यानंतर त्यांनी खाऱ्या पाण्यावरही असेच प्रयोग केले.

या विद्येला घराघरांत नेण्याचे काम फिलिप हेन्री गॉस (१८१०-१८८८) यांच्या लेखणीने केले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, त्यासाठी गॉस यांनी समुद्री जीव पुरवले होते. १८५४ मध्ये त्यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याच वर्षी त्यांनी कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. खाण्याचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड आणि पोटॅशियम क्लोराईड असे चार घटक साध्या पाण्यात विरघळवायचे होते. कॅल्शियमचे क्षार समुद्राच्या पाण्यात अल्प प्रमाणात असतात म्हणून त्यांनी ते वगळले. मात्र प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. त्यामुळे वगळलेला हाच घटक पुढे प्रवाळ-पेटीच्या केंद्रस्थानी आला.

गॉस यांच्या पुस्तकांमुळे इंग्लंडमध्ये समुद्रजीवांच्या संग्रहाची लाट आली. सुट्टीत किनाऱ्यावर जावे, खडपांतील डबकी धुंडाळावीत, हातोडी-छिन्नीने समुद्रफुले सोडवावीत आणि बरण्यांत भरून शहरात आणावीत, हा सुशिक्षितांचा छंद बनला. त्यांपैकी बहुसंख्य पेट्या अल्पावधीत कुजल्या व टाकून दिल्या गेल्या. १८६० च्या दशकाच्या अखेरीस ही लाट ओसरली होती.

पेट्या रिकाम्या झाल्या, पण किनारा पूर्ववत झाला नाही. गॉस यांचे पुत्र व प्रसिद्ध समीक्षक एडमंड गॉस यांनी १९०७ च्या 'फादर अँड सन' या आत्मचरित्रात या हानीची नोंद केली आहे. बालपणी वडिलांबरोबर पाहिलेली जीवसृष्टीने गजबजलेली डबकी संग्राहकांच्या झुंडींनी उजाड केली आणि आपल्याच पुस्तकांनी ही झुंड किनाऱ्यावर आणली याचे वडिलांना दुःख झाले, असे ते लिहितात. निसर्गावरील प्रेमानेच निसर्गाची लूट घडवल्याचे हे उदाहरण पर्यावरणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले पाहिजे.

६. पंप आणि जिवाणू

घरगुती पेट्या अपयशी ठरत असताना सार्वजनिक मत्स्यालये मात्र यशस्वी होत गेली. विल्यम आल्फर्ड लॉईड यांनी १८६४ मध्ये हॅम्बुर्ग येथे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मत्स्यालयाची रचना केली. दर्शनी टाक्यांच्या खाली मोठा अंधारा हौद ठेवायचा आणि पंपाच्या साहाय्याने पाणी सतत फिरते ठेवायचे, हे त्यांचे तत्त्व होते. मोलकरणीचे ओतणे आता वाफेच्या यंत्राने होऊ लागले. पाणी महिनोन्महिने न बदलता स्वच्छ राहते, हा अनुभव आला. त्यामागील कारण मात्र केवळ प्राणवायूपुरते मर्यादित नव्हते.

हे कारण मत्स्यालयात सापडले नाही, शेतीच्या प्रयोगशाळेत सापडले. श्लोझिंग व म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर हे सजीवांचे कार्य असल्याचे दाखवले. पुढे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषी केंद्रात हे रूपांतर दोन टप्प्यांत, अमोनियापासून नायट्राईट आणि नायट्राईटपासून नायट्रेट असे होते आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते जीव वेगवेगळे असतात, हे स्पष्ट झाले. हे संशोधन करणाऱ्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८-१९०७). केमिकल सोसायटीपुढे समतोलाचा सिद्धांत मांडणाऱ्या वॉरिंग्टन यांचे हे पुत्र. या जिवाणूंना वेगळे करून दाखवण्याचे श्रेय मात्र १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांना मिळाले.

वडिलांच्या भांड्यात गोगलगायींच्या बरोबरीने जे काम चालले होते, ते पुत्राने मातीत ओळखले. परंतु मातीतील हे ज्ञान मत्स्यपालकांच्या नित्य व्यवहारात रुजण्यास बराच काळ लागला. स्टीफन स्पॉट यांच्या १९७० च्या ग्रंथानंतर 'जैविक गाळणी' ही संकल्पना शौकिनांमध्ये दृढ झाली. त्यानंतरही शोध थांबला नाही. घरगुती पेट्यांमध्ये नायट्राईटचे रूपांतर करणारा जिवाणू पाठ्यपुस्तकातील नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पिरा गटातील आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले. २००५ मध्ये तर सिएटल येथील मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय टाकीतील खडीवरून 'नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस' हा सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जिवाणूही नाही, आर्किया या स्वतंत्र गटातील आहे. अमोनियाचे रूपांतर करणारे असे जीव महासागरात विपुल आहेत, हे त्यानंतर ध्यानात आले. आजवर समुद्राने पेटीला शिकवले होते. येथे पेटीने समुद्राविषयी शिकवले.

७. प्रकाश, खडक आणि चुन्याची निवळी

थिन व गॉस यांनी पाळलेले प्रवाळ थंड पाण्यातील, एकएकटे वाढणारे होते. उष्ण कटिबंधातील खडकबांधणी करणाऱ्या प्रवाळांची गरज वेगळी आहे. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेने या सहजीवनाच्या अभ्यासाला चालना दिली. याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रवाळ पाळायचा तर आधी त्याच्या आतील शैवाल जगवावे लागते, आणि त्यासाठी भरपूर प्रकाश लागतो.

न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने काताला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडले आणि जिवंत प्रवाळ दीर्घकाळ प्रदर्शित केले. पण तेथेही समुद्र शेजारीच होता. घरगुती पेटीच्या दृष्टीने निर्णायक लेख १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' मासिकात लिहिला. समुद्रातून आणलेला, जीवजंतूंनी भरलेला खडक टाकीत ठेवायचा, हवेचे मंद बुडबुडे सोडायचे आणि प्रकाश द्यायचा, एवढीच त्यांची 'निसर्गाची पद्धत' होती. त्या काळी पाश्चात्त्य शौकीन टाकी निर्जंतुक व चकचकीत ठेवण्याच्या मागे होते. त्यामुळे एंग यांची पद्धत तत्काळ सर्वमान्य झाली नाही.

१९७० व ८० च्या दशकांत जर्मनीत, विशेषतः बर्लिनमधील शौकिनांनी, हा मार्ग पुढे नेला. पीटर विल्केन्स यांचे लेखन आणि डीट्रिश श्ट्युबर यांचे प्रयोग यांतून 'बर्लिन पद्धत' आकाराला आली. तिचे घटक चार : जिवंत खडक, तीव्र प्रकाश, फेसाद्वारे सेंद्रिय मळ काढून टाकणारे यंत्र आणि चुन्याची निवळी. खडकाच्या बाह्य पृष्ठभागावर अमोनियाचे रूपांतर होते. त्याच्या सच्छिद्र गाभ्यात प्राणवायू कमी असल्याने तेथील जिवाणू नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर करतात. चुन्याची निवळी आपल्याकडे घरगुती औषधांमुळे परिचित आहे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरून काढताना साध्या पाण्याऐवजी ही निवळी थेंबथेंब सोडली की प्रवाळाने सांगाड्यासाठी वापरलेले कॅल्शियम भरून निघते. गॉस यांनी कृतीतून वगळलेला घटक अशा प्रकारे सव्वाशे वर्षांनी पेटीत परत आला. श्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हातोहाती युरोप-अमेरिकेत पसरले. घरात प्रवाळ केवळ तग धरत नाही तर वाढतो आणि वाटताही येतो, याचा तो पुरावा होता.

८. लघु पेटीचे अर्थशास्त्र

पेटी जितकी मोठी तितकी सुरक्षित, हा मत्स्यपालनातील जुना नियम. १९९० च्या दशकाअखेरपासून, आणि पुढे एलईडी दिवे उपलब्ध झाल्यावर अधिक प्रमाणात, शौकीन उलट दिशेने लहान पेटीकडे वळले. कमी जागा आणि कमी खर्च ही त्याची उघड कारणे. परंतु लहान पेटीत चुकीला जागा राहत नाही. हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ४० लिटरच्या पेटीत ते १,४०० ग्रॅम होतात. उन्हाळ्यात दोन लिटर पाणी उडून गेले तर क्षार तेवढेच राहतात, पण पाणी ३८ लिटर उरते. म्हणजे प्रमाण ३५ वरून ३६.८ वर जाते. ४०० लिटरच्या टाकीतून तेवढेच पाणी उडाले तर ते केवळ ३५.२ होते. एखादा मासा मेला आणि लक्षात आले नाही, तर त्यातून निघणाऱ्या अमोनियाची तीव्रताही लहान पेटीत दसपट असते. म्हणूनच लघु पेटी उभारताना आरंभीचे चार ते सहा आठवडे कोणताही प्राणी न सोडता जिवाणूंची वसाहत स्थिरावू द्यावी लागते. अमोनिया व नायट्राईट या दोहोंचे मापन शून्यावर आल्याखेरीज पुढचे पाऊल टाकायचे नसते. तापमान २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे असते. उडालेल्या पाण्याच्या जागी क्षारविरहित शुद्ध पाणी रोज भरायचे असते.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ४० लिटरच्या पेटीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर चार लिटर पाणी लागते. एक लहान बादली पुरते. मोठ्या टाकीत जे काम अनेक यंत्रे करतात, ते येथे या बादलीने साधते. मळ बाहेर जातो आणि कॅल्शियमसह सर्व क्षार नव्याने मिळतात. ज्या ओतण्यापासून १८४६ मध्ये या विद्येचा आरंभ झाला, त्याच ओतण्याकडे ती परतली आहे. फरक एवढाच की आता ते काम पेटीचा मालक स्वतः करतो. हा फरक लहान नाही. पाण्याची किंमत काय असते, हे ज्याच्या हातांना रोज कळते त्याची समुद्राकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याची शक्यता अधिक असते.

९. घराबाहेरचे श्रम आणि कायदा

तथापि घरातील श्रम मालकाने उचलले म्हणून घराबाहेरचे श्रम संपत नाहीत. पेटीतील मासा व प्रवाळ कोणीतरी समुद्रातून काढलेला असतो. फिलिपाईन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडचा वापर होऊ लागला. त्यात मासे, प्रवाळ आणि पाणबुडे मच्छीमार या साऱ्यांचीच हानी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालानुसार या व्यापारात प्रतिवर्षी दोन ते २.४ कोटी समुद्री मासे आणि १.१ ते १.२ कोटी प्रवाळांचे तुकडे विकले जात होते. गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे संवर्धन केंद्रांत वाढवलेले होते. समुद्री मासे मात्र जवळजवळ सर्व निसर्गातून पकडलेले होते. डेव्हनच्या डबक्यांची कहाणी आता व्यापक प्रमाणावर आणि दूरच्या किनाऱ्यांवर घडत होती. दूर असल्यामुळे ती ग्राहकाला दिसत नव्हती.

या व्यापाराला कायद्याने आवर घालण्याचे प्रयत्न झाले. १९८५ ते १९९० या काळात कठीण प्रवाळांचा समावेश आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. भारताने अधिक कठोर भूमिका घेतली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडकबांधणी करणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे समाविष्ट करण्यात आले. म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीने 'साइट्स' करारातील प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली आणि अशा सजीव प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आणले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राईव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना समुद्रातील जीवांचे पहिले दर्शन घडवले. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या बुडीत पठारावरही प्रवाळांचे मोठे क्षेत्र आहे. कोकणातील एखाद्या खडपावरून प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा केवळ अविचार नसून गुन्हा आहे. 'जिवंत खडक' म्हणून खडपाचा तुकडा उचलणाऱ्यालाही हा धोका टळत नाही, कारण त्यावर प्रवाळ असू शकतो.

मग आपल्याकडील जिज्ञासूने काय करावे? याचे उत्तर या इतिहासातच आहे. पेटीतील मुख्य कार्य जिवाणू करतात आणि जिवाणूंना समुद्रातून खडक तोडून आणण्याची गरज नसते. कोरडा सच्छिद्र दगड किंवा मातीच्या भाजलेल्या सच्छिद्र वस्तूंवरही ती वसाहत उभी राहते. तिला वेळ अधिक लागतो एवढेच. माशांच्या बाबतीतही पर्याय आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. संवर्धन केंद्रात जन्मलेला एखादा लहान मासा, शुष्क दगड आणि कृत्रिम समुद्रजल यांवर उभी राहिलेली पेटी प्रवाळाविना असली तरी नत्रचक्र, क्षारता, बाष्पीभवन व समतोल यांचे संपूर्ण शिक्षण देऊ शकते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घरगुती समुद्रपेटीचा विकास हा केवळ उपकरणांचा विकास नाही. पाणी जिवंत ठेवण्याचे काम मोलकरणीच्या हातांकडून वनस्पतींकडे, वनस्पतींकडून पंपाकडे आणि अखेर जिवाणूंकडे गेले. वस्तुतः जिवाणू ते काम प्रारंभापासूनच करत होते. त्यांची ओळख पटण्यास विलंब लागला.

२) पेटी जसजशी स्वयंपूर्ण भासू लागली, तसतसे तिच्यासाठी राबणारे हात आणि रिकामे होणारे किनारे ग्राहकाच्या नजरेआड गेले. स्वयंपूर्णतेचा हा आभासच लुटीला पोषक ठरला.

३) लघु पेटी चुकीला क्षमा करत नाही. परंतु याच कारणाने ती पालकाला दैनंदिन श्रम व संयम यांचा अनुभव देते. तिचे शैक्षणिक मूल्य तिच्या सौंदर्यापेक्षा या अनुभवात आहे.

४) भारतात प्रवाळ संरक्षित असल्याने या छंदाची दिशा संग्रहाकडून निरीक्षणाकडे वळली पाहिजे. महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्रितपणे प्रवाळविरहित खाऱ्या पाण्याची लहान पेटी उभारली, तर क्षारतेचे मापन, नत्रचक्राचा आलेख आणि विज्ञानाच्या सामाजिक इतिहासाचे अध्यापन एकाच टेबलावर होऊ शकेल. या पेटीतील पाणी बदलण्याचे काम मात्र शिपायाकडे न सोपवता विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी पाळीपाळीने करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. पेटीसाठी ओतणारे हात ज्यांना दिसतात, त्यांना किनाऱ्यावरची डबकीही दिसू लागतील.